हॉर्नबी साहेबाचा रस्ता



 बोरीबंदरला उतरून आपण फोर्टात ज्या रस्त्याने आलात, तो दादाभाई नौरोजी मार्ग. मुंबईकराच्या तोंडी मात्र डी. एन. रोड. त्या दोन अक्षरांत दादाभाई लपलेत, हे कित्येकांच्या गावीही नसतं.

हा मुळात किल्ल्यातला अरुंद रस्ता, नाव हॉर्नबी रो. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने तटबंदी पाडली, शहराला श्वास मिळाला आणि रस्ता रुंदावला. पुढे १८९६ च्या नियमाने इथल्या इमारतींना रस्त्याच्या बाजूने कमानींचा पादचारी मार्ग ठेवणं बंधनकारक झालं. प्रत्येक इमारतीचा थाट निराळा, पण खालच्या कमानी सलग. धो धो पावसातही माणूस बऱ्यापैकी कोरडा चालतो. कमानींखालच्या फेरीवाल्यांनी वाट दिली तर, एवढंच!

स्वातंत्र्यानंतर हॉर्नबीचं नाव गेलं. वरळीकडचा त्याचा बांध, हॉर्नबी व्हेलार्ड, तोही आज लाला लजपतराय मार्ग झाला. बिचाऱ्याचे दोन्ही रस्ते गेले. मला त्याचं दुःख नाही. विमा कंपन्या आणि बँकांच्या या रस्त्याला, इंग्रज हिंदुस्थानातून किती पैसा नेतात याचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाईंचं नाव मिळालं, यात मला न्याय दिसतो. १८९२ मध्ये त्याच इंग्रजांच्या पार्लमेंटात निवडून गेलेला हा माणूस! आणि रस्ता संपतो तिथे फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला, तो संयुक्त महाराष्ट्रासाठी सांडलेल्या रक्तामुळे.

माझी तक्रार वेगळी आहे. नवी पाटी लागते आणि जुनी भंगारात जाते. मग जुन्या खरेदीखतातला, पत्रातला पत्ता नातवाला सापडत नाही. नाव जरूर बदला, पण पाटीच्या तळाशी आधीचं नाव आणि बदलाचं साल लिहा. असा ठराव इतिहासप्रेमींच्या या परिषदेत यावा, अशी माझी इच्छा आहे. आपापल्या गावातल्या रस्त्यांची जुनी नावं ठाऊक असतील, तर नोंदणीच्या टेबलावर वही ठेवली आहे, तीत लिहून जा.

चहा दाराबाहेर आहे, संध्याकाळी कमानींखालून फेरफटका आहे. अध्यक्षांनी परिषदेला आरंभ करावा, ही विनंती.