सुरुंग, चुना आणि आपली वास्तू
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कवी आणि इतिहासकारांच्या पंक्तीत एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याला का बसविले, हे आपण सर्व जाणता. आपल्या पूर्वेच्या भिंतीपलीकडचा जुना बंगला गेला. त्या जागी होणाऱ्या इमारतीला तीन मजली तळघर आहे, आणि हैदराबादेत तळघर म्हणजे ग्रॅनाइटशी गाठ. हा खडक पहारीला दाद देत नाही. बहुधा सुरुंगच लावावा लागतो.

सुरुंग उडाला की आपण आवाजाला भितो. तावदाने खडखडतात, कपाटे हलल्याचा भास होतो. तो बहुतांशी हवेतून आलेला धक्का. वास्तूला खरा त्रास जमिनीतून येणाऱ्या कंपनांचा. जमिनीचा कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलला, यावर त्यांची तीव्रता ठरते. एक मिलिमीटरच्या आसपासचे कंपनही माणसाला जाणवते, पण धडधाकट भिंतीचे त्याने काही बिघडत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली ऐतिहासिक व नाजूक वास्तूंसाठी मर्यादा घालून दिल्या: कंपनांची आवर्तने सेकंदाला ८ पेक्षा कमी असतील तर २ मिलिमीटर, ८ ते २५ असतील तर ५, आणि त्याहून अधिक असतील तर १०. मंद कंपनांना इतका कमी वाव, कारण बुटक्या दगडी इमारतीची स्वतःची लय त्यांच्याच आसपास असते. झोक्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्काही तो उंच नेतो.

आता आपल्या भिंतींविषयी. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप येथील लातूरकडच्या मंडळींच्या मनातून गेलेला नाही. तेथील जाडजूड भिंती पडल्या त्या बारीक होत्या म्हणून नव्हे. दोन अंगांना दगड, मध्ये भर, आणि दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. त्यामुळे अंगे एकमेकांपासून सुटली. सुरुंगाचा हादरा म्हणजे भूकंप नव्हे, ही तुलना ताणू नये. शिवाय तेथे बहुतेक मातीचा दर्जा होता, आपल्याकडे चुना आहे. थोडे हलणे चुना सोसतो. पण ओल मुरून तो धुपला की भिंत आतून पोकळ होते. आपल्या पूर्वेकडची पन्हळ तीन पावसाळे गळते आहे. सुरुंगाआधी ती दुरुस्त व्हावी, हे मला येथे बोलावण्याआधीच कोणाच्या तरी ध्यानात यायला हवे होते.

शेजाऱ्यांकडून काय मागावे? एकूण दारू किती, यापेक्षा एका क्षणी किती उडते, हे महत्त्वाचे. चाळीस मीटरवर सोळा किलो दारू एकदम उडविली, आणि तीच एकेक किलोने, काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडविली, तर दुसऱ्या प्रकारात हादरा सात-आठ पटींनी उतरू शकतो. नेमका आकडा खडकावर अवलंबून. म्हणून आधी लहान सुरुंगांची चाचणी घेऊन तो ठरवावा. आपल्या बाजूने ओळीने जवळजवळ भोके पाडून खडक तोडून ठेवला, तर हादऱ्याची वाटही काहीशी अडते. अगदी भिंतीलगत मात्र सुरुंग नकोच. तेथे भोकांत फुगणारी पूड भरून किंवा पाचरी यंत्राने खडक फोडता येतो. वेळ व खर्च वाढतो. कंत्राटदार कुरकुरणार.

एक गोष्ट सांगणे मला सोपे नाही. तरुणपणी एका भुयाराच्या कामावर असताना जवळच्या जुन्या वाड्याच्या कमानीला भेग दिसली. मालक म्हणाले, सुरुंगामुळे पडली. आम्ही म्हणालो, जुनी आहे. काम सुरू होण्यापूर्वी वाड्याची पाहणी कोणीच केली नव्हती. करायला हवी होती ती आम्ही. पुरावा नाही, म्हणून वृद्ध मालकांना काही मिळाले नाही. ती भेग आमची होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही.

मुंबईच्या फोर्टमधील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट ही आपल्यासारखीच वाचनालयाची जुनी दगडी इमारत, १८९८ ची. मेट्रो तीनचा बोगदा तिच्या परिसरातून जाणार होता. तेथे सुरुंग नव्हे, खोदाई यंत्र होते. तरी विश्वस्तांनी २०१७ साली उच्च न्यायालयात दाद मागितली. काही काळ काम थांबले, तज्ज्ञांनी पाहणी केली, मग खोदाई पुढे गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्गिका कफ परेडपर्यंत खुली झाली. विश्वस्तांनी विकास अडविला असे म्हणणारे तेव्हाही होते. मला मात्र त्यांचे वेळेवर विचारणे योग्य वाटते; इमारत तडकल्यावर विचारण्यात काय अर्थ?

आपल्या कार्यवाहांनी आणि मी गेल्या आठवड्यात भेगा मोजल्या, चौदा सापडल्या. भेगा ऋतूंप्रमाणे किंचित उघडतात आणि मिटतात, म्हणून एका दिवसाचे माप पुरत नाही. पहिल्या सुरुंगापूर्वी काही महिन्यांच्या नोंदी हव्यात. कंपनमापक पायथ्याशी बसवावे आणि वरच्या मजल्यावरही, कारण हादरा वर चढताना वाढतो. त्या यंत्राचा खर्च बांधकाम करणाऱ्यांनी सोसावा, असे पत्र समितीने या महिन्यातच द्यावे. मसुदा मी आणला आहे.

आणि एक विनंती. वाचनकक्षातील उत्तरेच्या कमानीवर आज सकाळी प्लास्टरने काचेची एक पट्टी चिकटविली आहे, खाली तारीख लिहिली आहे. भेग हलली तर काच तडकेल. झाडताना ती जाळे समजून कोणी खरवडू नये, एवढे शिपाईमामांना सांगून ठेवा.