बोली म्हणजे शब्द : नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात उतरण्याआधी

कुरुळीतून बोलतोय. मागे अधूनमधून कंटेनरचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, आपला नाशिक हायवे काही आपल्यासाठी थांबत नाही.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. बऱ्याच जणांनी विचारलं, "शिवराई घ्यायची आहे, ऑनलाइन लिलावात बोली कशी लावायची? शेवटच्या सेकंदाला लावू का? ग्रुपमधल्या मित्राविरुद्ध बोली लावली तर वाईट दिसेल का?" म्हणजे अर्धा प्रश्न डावपेचांचा आणि अर्धा रीतभातीचा. दोन्ही एकत्रच घेऊ, कारण ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

पहिली गोष्ट, आपल्या पट्ट्यातल्या माणसाला लिलाव नवा नाही. चाकणच्या महात्मा फुले मार्केटमध्ये कांद्याचा उघड लिलाव होतो. व्यापारी ढिगाभोवती उभे, भाव चढत जातो आणि सगळ्यांना ऐकू येतो. दुसरा प्रकार आरटीओचा. गाडीला एमएच १४ चा आवडता नंबर हवा आणि त्याच नंबरला दोघांचे अर्ज आले, की बंद पाकिटात डीडी द्यायचा. पाकिटं फोडली की ज्याची रक्कम जास्त त्याचा नंबर. ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. तिसरा प्रकार जुन्या बैलबाजारातला, रुमालाखाली बोटं दाबून सौदा. आकडा फक्त दोघांना माहीत, बाकी सगळे चेहरे बघत बसणार.

आता गंमत बघा. ऑनलाइन लिलाव म्हणजे या तिन्हींचं मिश्रण आहे. चढता भाव सगळ्यांना दिसतो, पण तुमची कमाल मर्यादा बंद पाकिटात असते. तुम्ही ॲपला सांगता, "या नाण्याला मी जास्तीत जास्त ४,००० देईन." ॲप लगेच ४,००० लावत नाही. समोरच्याची मर्यादा २,५०० असेल आणि पायरी १०० रुपयांची असेल, तर नाणं तुम्हाला २,६०० ला मिळतं. समोरचा ४,२०० पर्यंत गेला, तर नाणं त्याचं. याला प्रॉक्सी बोली म्हणतात. म्हणजे तुमच्या वतीने मशीन बोली लावतं.

यामागचं गणित विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये मांडलं. १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचा मुद्दा साधा आहे. जिंकणाऱ्याने स्वतःचा आकडा न भरता दुसऱ्या क्रमांकाचा आकडा भरायचा असेल, तर खोटं बोलण्यात फायदाच उरत नाही. आरटीओच्या पाकिटात तुम्ही लिहाल तेवढंच भरावं लागतं, म्हणून तिथे समोरचा किती लिहील याचा अंदाज बांधत बसावं लागतं. प्रॉक्सी बोलीत तो अंदाज लागत नाही. प्रश्न एकच, "मला ही वस्तू किती रुपयांपर्यंत हवी आहे?" त्याचं खरं उत्तर एकदा टाका आणि फोन खिशात ठेवा.

आता म्हणाल, मग लोक शेवटच्या पाच सेकंदांची वाट का बघतात? कारण समोर माणूस असतो. तुम्ही दोन दिवस आधी बोली लावलीत, की दुसऱ्याला "मागे पडलात" असा मेसेज जातो. मग तो विचार करायला लागतो, "याला एवढं हवंय म्हणजे नाण्यात काहीतरी असणार." १००-१०० ने चढत जातो. शेवटच्या क्षणी बोली लावली तर त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. तेव्हा ईबेवर लिलाव ठरल्या मिनिटाला बंद व्हायचा. ॲमेझॉनवर शेवटी बोली आली तर वेळ पुढे ढकलली जायची. त्यांना दिसलं, की शेवटच्या घाईतल्या बोली ईबेवर कितीतरी जास्त. म्हणजे हा सवयीचा नाही, नियमाचा परिणाम. म्हणून लिलावात उतरण्याआधी एकच ओळ शोधा, "शेवटच्या मिनिटांत बोली आल्यास वेळ वाढेल का?" वाढत असेल, तर शेवटच्या सेकंदाच्या युक्तीला काही अर्थ नाही. वाढत नसेल, तर उशिरा बोली लावा, खुशाल लावा. ती फसवणूक नाही, नियमात बसते. फक्त आपलं नेटवर्क आधी बघून घ्या. शेडच्या पत्र्याखाली बसून शेवटच्या सेकंदावर भरवसा ठेवू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. दोघांची मर्यादा सारखीच आली, तर साधारणपणे आधी लावणाऱ्याला वस्तू मिळते. माणसं गोल आकडे लावतात, ४,०००, ५,०००. तुम्ही ४,१२० लावा. १२० रुपयांवरून नाणं हातचं गेलं, असं व्हायला नको.

आता खरा प्रश्न. तो ४,००० चा आकडा आणायचा कुठून?

विक्रीला ठेवलेल्या किमतींवरून तर मुळीच नाही. एखाद्याने साध्या पाच रुपयांच्या नोटेपुढे पाच लाख लिहिलं म्हणून तिची किंमत पाच लाख होत नाही. बघायचं ते आधीच्या लिलावांत नाणं प्रत्यक्षात कितीला गेलं ते. बरीच लिलावगृहं जुने निकाल साइटवर ठेवतात. दोन-तीन वर्षांचे निकाल वहीत उतरवा आणि शेजारी नाण्याची अवस्था लिहा, अक्षरं पूर्ण आहेत की झिजलीत.

शिवराईचंच घ्या. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति", भोवती ठिपक्यांची कड. १६७४ च्या राज्याभिषेकाशी आपण हे नाणं जोडतो आणि भावना आड येते. पण शिवराई महाराजांच्या नंतरही, पेशवाईतही, पाडली जात होती. दुदांडी शिवराई तर पुढची. म्हणजे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते, आणि तांब्याची शिवराई दुर्मिळही नसते. दुर्मिळ आहे तो सोन्याचा होन. त्यात नकला बनवणारे आहेतच. वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो दिले नसतील तर मागा. विचारणं हा उद्धटपणा नाही. उत्तर टाळणं, हे मात्र लक्षण आहे. नाणी शिकायचीच असतील तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासून.

लिलावाच्या अभ्यासात एक शब्द आहे, विजेत्याचा शाप. वीस जणांनी एका नाण्याची किंमत अंदाजली, तर जिंकतो कोण? ज्याचा अंदाज सगळ्यात वर आहे तो. म्हणजे बहुतेक वेळा ज्याने जास्तच लावलंय तो! म्हणून वस्तूबद्दल जेवढी खात्री कमी, तेवढी मर्यादा खाली आणा. आणि मर्यादा ठरवायची दिवसा, घरी, वहीवर. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, अर्धवट झोपेत, "हा कोण मला मागे टाकणारा?" अशा डोक्याने ठरवायची नाही. तेव्हा आपण नाण्यासाठी नाही, त्या अनोळखी माणसासाठी बोली लावत असतो.

मर्यादेत सगळा खर्च धरा. समजा बोली ५,००० ला थांबली. खरेदीदाराचं प्रीमियम १५ टक्के, म्हणजे ७५०. त्यावर १८ टक्के कर, १३५. झाले ५,८८५. वर कुरिअर आणि विमा. प्रत्येक लिलावगृहाचे दर वेगळे असतात, ते आधी वाचा. सरकारसुद्धा असाच हिशेब करतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीज्‌च्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. ४७ लाख १५ हजार हा जो आकडा सांगितला गेला, त्यात हाताळणी, वाहतूक आणि विमाही धरलेला होता.

आता रीतभात.

एक, बोली म्हणजे शब्द. मार्केटमध्ये भाव बोलून व्यापारी पळाला, तर दुसऱ्या दिवशी त्याला कोण उभं करेल? व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिलावात तर ना प्रॉक्सी असते ना करार. कमेंटमध्ये आकडा टाकायचा, रात्री दहाला बंद. तिथे टाकलेला आकडा पुसू नका, बदलू नका. जिंकलात तर वेळेत पैसे द्या. पगार सात तारखेला होणार असेल तर बोलीच्या आधी सांगा, नंतर नाही.

दोन, विक्रेत्याला गुपचूप मेसेज करून "लिलाव बंद करा, बाहेरच मिटवू" म्हणू नका. बाकीच्यांचा वेळ वाया जातो, आणि पैसे अडकले तर तुमच्यामागे कुणी उभं राहत नाही.

तीन, मित्राच्या वस्तूवर भाव चढवायला खोटी बोली लावू नका. "तुझ्यासाठी दोन बोली टाकतो रे" ही मदत नाही, तिसऱ्या कुणाच्या तरी खिशात घातलेला हात आहे.

चार, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच ग्रुपमध्ये ठरतं, "या लॉटवर तू बोल, त्यावर मी बोलतो, एकमेकांचे भाव वाढवायचे नाहीत." ऐकायला मैत्री वाटते. पण चाकणला व्यापाऱ्यांनी संगनमत करून कांद्याचा भाव पाडला, तर आपण काय म्हणतो? आपल्यातल्या निम्म्या घरांचा कांदा त्या ढिगात गेलेला आहे. मग एखादी म्हातारी नवऱ्याने जमवलेली नाणी औषधपाण्यासाठी विकायला काढते, तेव्हा पलीकडे आपण सगळे व्यापारी असतो. कुणाला ते नाणं नकोच असेल तर प्रश्न नाही. पण हवं असताना, ठरवून गप्प बसून भाव पाडणं, हे तेच संगनमत. म्हणून मित्राविरुद्ध बोली लावा. त्यात काही वाईट नाही. जिंकला तर त्याला चहा पाजा.

शेवटची गोष्ट, वस्तू आली कुठून? आपल्याकडे रोज कुठेतरी जेसीबी चालू असतो. डिसेंबर २०२१ मध्ये इथून जवळ, चिखलीत, पोलिसांनी २१६ जुनी सोन्याची नाणी जप्त केली. बांधकामाच्या खोदकामात मजुरांना मिळालेली, आणि परस्पर ठेवून घेतलेली. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. कळवणाऱ्याच्या हक्काचाही विचार त्याच कायद्यात आहे. म्हणून "शेतात सापडलंय, बिल नाही, स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं, की तिथेच थांबा. आणि १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही. दुबईच्या भावाला कुरिअर करायचा विचारही नको.

उलटी फसवणूकही आहे. "तुमची जुनी नोट लाखात घेतो, आधी नोंदणी फी भरा." रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केलं होतं, आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी कुणी फी किंवा कमिशन मागत असेल तर देऊ नका. विकणाऱ्याकडून कुणी आधी पैसे मागतंय, म्हणजे तिथे लिलाव नाहीच.

तर या आठवड्यात एवढंच करा. आवडलेल्या एका नाण्याचे जुने निकाल काढा, वहीत मर्यादा लिहा, आणि बोली न लावता तो लिलाव नुसता शेवटपर्यंत बघा. तुमच्या आकड्याच्या वर गेला की खाली, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. तोवर सांभाळून राहा, हायवेला हेल्मेट घाला. भेटू!