तसबिरीतला माणूस
(महाजन मंडळाच्या निपाणी येथील मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



देवस्थानाच्या उत्सवप्रसंगी छायाचित्रणासारखा विषय निवडला याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु कुळाची आणि कुलदैवताची आठवण राखणे हे महाजनांचे कर्तव्य होय, आणि गेली शंभर-सव्वाशे वर्षे ही आठवण वंशावळीच्या बरोबरीने भिंतीवरच्या तसबिरींनी राखली आहे. म्हणून विषय आपल्या घरचाच आहे.

जुन्या घराचा सोपा डोळ्यांपुढे आणा. खुर्चीवर ताठ बसलेले, डोक्याला रुमाल बांधलेले पणजोबा. शेजारी नऊवारी नेसून उभी पणजी. दोघांच्याही मुद्रेवर हसू म्हणून नाही. नातवंडे विचारतात, ही माणसे एवढी रागीट होती काय? खरे कारण निराळे आहे. काचेवर ओले रसायन पसरून चित्र घेण्याच्या जुन्या पद्धतीत बसणाऱ्याला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार उभा करीत. पुढे कोरड्या काचा आल्या, हा अवधी पुष्कळ कमी झाला, तरी ताठ बसण्याची रीत मागे उरली. तात्पर्य, तसबीर आपल्याला चेहरा देते. स्वभाव, सुखदुःख आणि कर्तृत्व सांगायला जाणते माणूस लागते. चेहऱ्याला नाव आणि नावाला चार शब्दांची हकीकत जोडली म्हणजे चित्राची गोष्ट होते. ती जोडली नाही, तर तिसऱ्या पिढीत पणजोबा निव्वळ ‘कोणीतरी’ होतात.

ही कला आपल्याकडे लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था निघाली. तिच्या आरंभीच्या काळात, मूळ गोव्यातील मांद्रेच्या घराण्यातले, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी या कलेत लौकिक मिळविला. पण त्याच सुमारास कॅमेऱ्याचा दुसराही उपयोग सुरू झाला होता. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांविषयी आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात साडेचारशेहून अधिक चित्रे आहेत. परंतु बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे वा जमातीचे आहे. समोर बसलेला मनुष्य कोणाचा मुलगा, कोणाचा बाप, याची चौकशी करण्याचे कारण राज्यकर्त्यांना नव्हते. त्यांना नमुना हवा होता, माणूस नको होता.

सद्हेतूनेही हीच चूक घडते. अमेरिकेत १९३६ साली, मंदीच्या काळात, डोरोथिया लँग या बाईंनी कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या छावणीत एका आईचे चित्र घेतले. ते वर्तमानपत्रात येताच छावणीला अन्नधान्य पोहोचले. पण तोवर ती आई मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. चित्र जगभर गेले. लँगबाईंनी मात्र तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स टॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडले, आणि या चित्रातून आपल्या हाती काही आले नाही ही खंत तेव्हा तिने बोलून दाखविली. याउलट लुइस हाइन यांचे पाहा. १९०८ पासून ते गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांची चित्रे घेत हिंडले. मुलाचे नाव, वय, कामाचे तास ते टिपून ठेवीत. उंची मोजण्यासाठी म्हणे आपल्या कोटाच्या गुंड्यांचा आधार घेत. त्या नोंदींमुळे प्रत्येक चित्र साक्षीदार झाले आणि बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला बळ मिळाले.

आता आपल्या निपाणीकडे येऊ. या गावाचे नाव तंबाखूने दूरवर नेले. आपल्या सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी हा व्यापार झाला असेल. व्यापाऱ्यांच्या तसबिरी आपल्या घरी आहेत, आणि त्या असाव्यात. पण वखारीत दिवसभर धुळीत बसून तंबाखू निवडणाऱ्या, चाळणाऱ्या, विडी वळणाऱ्या बायांच्या तसबिरी कोठे आहेत? त्यांच्यापैकी अनेकींचे आयुष्यातले एकुलते एक चित्र म्हणजे ओळखपत्रावरचे, टपाल-तिकिटाएवढे. बाई गेली की मुले तेच मोठे करून आणतात आणि त्याला हार घालतात. मोठे केल्याने चेहरा फिकट होतो, डोळे पुसट होतात. तरी तेच पुजायचे, कारण दुसरे नाही.

या नियमाला एक अपवाद आपल्याच गावात घडला आहे. युगांतर नावाच्या मंडळींनी १९८२ साली निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा माहितीपट केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरा चालविणारे नवरोज काँट्रॅक्टर ही ती मंडळी. हा चलच्चित्रपट असला तरी त्याचे मर्म व्यक्तिचित्राचेच आहे. आल्या, चित्र घेतले आणि गेल्या, असे त्यांनी केले नाही. कित्येक महिने त्या या स्त्रियांमध्ये राहिल्या, त्यांचे ऐकत बसल्या; काय दाखवावे याचा विचार त्यांच्याबरोबर बसून केला. म्हणून पडद्यावर दिसतात त्या आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगणाऱ्या स्त्रिया. त्या संपाविषयी आपली मते भिन्न असू शकतील. परंतु चाळीस वर्षांनंतर निपाणीच्या त्या पिढीतील श्रमिक स्त्रीचा चेहरा आणि आवाज पाहावयाचा, तर याच चित्रपटाकडे वळावे लागते, हे नाकारता येणार नाही.

यावरून मला एवढेच म्हणावयाचे आहे की, दुसऱ्याचा चेहरा घेणे हे उसने घेणे आहे. उसने परत केले पाहिजे. त्याची संमती विचारावी, नाव व हकीकत लिहून घ्यावी आणि छापलेली प्रत त्याच्या हाती द्यावी. एवढे केले म्हणजे छायाचित्रण सेवा होते; नाहीतर ती नुसती हौस.

आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची आणि पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे असतात. ती योग्यच होत. परंतु पहाटे देवळाचे आवार झाडणारी बाई, हार गुंफणारे, वाजंत्री, उत्सवात पालखीला खांदा देणारे, महाप्रसादाच्या पंक्तीसाठी चुलीपाशी घाम गाळणारे आचारी, यांचेही चेहरे तेथे आले पाहिजेत. नावानिशी, आणि प्रत्येकाबद्दल चार ओळींसह. तरुणांच्या खिशात आज कॅमेरा आहेच. त्यांनी सुट्टीच्या दिवशी वृद्धांच्या घरी जावे, खिडकीजवळच्या उजेडात त्यांना बसवावे, आधी बोलते करावे आणि मगच चित्र घ्यावे. घरातील जुन्या तसबिरी उतरवून पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. शाईचा डाग कालांतराने पुढे उमटतो. नावे सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होणे शक्य आहे.

देवापुढे आपण सर्व सारखे उभे राहतो असे म्हणतो. तसबिरींच्या भिंतीवरही तसे उभे राहता यावे, एवढी प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.