फाइल आहे, पण धडा नाही



गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझे एक शिक्षकमित्र जुनी सीडी घेऊन माझ्याकडे आले. २००८ साली त्यांनी वर्गासाठी पाण्याच्या प्रवासावर हलत्या चित्रांचा एक धडा तयार केला होता. ढगावर टिचकी मारली की पाऊस पडे. चित्रे मुलांनी काढलेली आणि आवाज तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा. ते आता हयात नाहीत. सीडीवर ओरखडासुद्धा नव्हता; पण नव्या संगणकावर धडा उघडला की नुसता रिकामा चौकोन. मित्र म्हणाले, "फाइल आहे, पण धडा नाही. असं कसं झालं?"

पुष्कळ घरांत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद असतात. कागद शाबूत, शाई शाबूत. पण वाचणारा नाही, म्हणून जमिनीची हकीकत मुकी राहते. इथेही तसेच झाले. हा धडा म्हणजे छायाचित्रांची माळ नव्हती. 'इथून इथपर्यंत रेघ ओढ, आत निळा रंग भर, टिचकी पडली की पाऊस पाड' अशा आज्ञांची ती यादी होती. त्या आज्ञा वाचणाऱ्या कारकुनाचे नाव फ्लॅश प्लेअर.

हे साधन अमेरिकेत १९९६ साली 'फ्यूचरस्प्लॅश अॅनिमेटर' या नावाने निघाले. पुढे मॅक्रोमीडिया कंपनीने ते घेऊन त्याला 'फ्लॅश' नाव दिले, आणि २००५ मध्ये ती कंपनीच अॅडोबीकडे गेली. फायली लहान असल्याने संथ इंटरनेटवरही चित्रे हलत. परंतु प्लेअरमध्ये सुरक्षिततेच्या उणिवा वारंवार सापडू लागल्या आणि त्याचे बरेचसे काम ब्राउझर स्वतःच करू लागले. अॅडोबीने २०१७ साली आगाऊ सूचना दिली, ३१ डिसेंबर २०२० रोजी प्लेअरची देखभाल थांबवली आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात चित्रे चालणेही रोखले.

मग उपाय काय? पहिला उपाय, नवा वाचक. 'रफल' नावाचा मोफत प्रोग्राम स्वयंसेवकांनी लिहिला आहे. तो फ्लॅशच्या आज्ञा नव्या संगणकाला समजतील अशा रीतीने पार पाडतो. अमेरिकेतील इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच साहाय्याने जुन्या फ्लॅश-कृती पुन्हा पाहण्याची सोय केली. जुन्या, साध्या कृती रफल बहुधा नीट चालवतो. नंतरच्या गुंतागुंतीच्या कृतींत मात्र कुठेकुठे अडखळतो.

दुसरा उपाय, नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रामच्या आत विंडोज एक्सपी बसवता येते आणि त्यात मूळ फ्लॅश चालवून चित्रात दुरुस्तीही करता येते. मात्र या आतल्या संगणकाला इंटरनेट जोडू नये बरं का! जुन्या घराच्या कड्या ढिल्या झालेल्या असतात.

शिक्षकबंधूंनो, आपल्या कपाटात अशी सीडी असेल तर आधी तिच्या दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या जागी ठेवा. 'एसडब्ल्यूएफ' ही फाइल पाहण्यासाठी असते, 'एफएलए' ही दुरुस्तीसाठी, दोन्ही जपा. मूळ प्रोग्रामची तबकडी आणि तिचा क्रमांकही टाकू नका. आणि मराठी फॉन्ट विसरू नका. त्या काळचे बरेच फॉन्ट आपापल्या पद्धतीचे होते. तो फॉन्ट नसला तर दुरुस्तीची फाइल उघडताच 'ढग' या शब्दाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे दिसतात. धड्याची चित्रफीतही करून ठेवावी. पण चित्रफितीतल्या ढगावर मुलाने टिचकी मारली तर पाऊस पडत नाही, हे ध्यानात असू द्या.

आमच्या सीडीचे काय झाले? रफलमध्ये धडा उघडला. मित्रांनी ढगावर टिचकी मारली, तिरप्या रेघांचा पाऊस पडला आणि मुख्याध्यापकांचा आवाज आला, "मुलांनो, हे पाणी कुठून आलं?" मित्रांनी धडा तिथेच थांबवला आणि मागे नेऊन पुन्हा लावला. जून महिन्यात तो वर्गात दाखवला गेला. शेवटची प्रश्नावली अजून अडते. तिच्यासाठी लागणारा फॉन्ट आम्ही शोधतो आहोत.