चित्रकलेचा व्यवसाय आणि करारपत्र



आपले काही विद्यार्थी शिकत असतानाच यक्ष-राक्षसांची अद्भुतरम्य चित्रे काढून स्वतंत्र व्यवसाय उभारीत आहेत, याचे आम्हांस कौतुक वाटते. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ अंक काढून चित्रकारही स्वतःचा धनी होऊ शकतो, हे दाखविलेच आहे.

परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ ध्यानी असावे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगविलेल्या चित्राचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून चित्राचा हक्क कोणाचा, ते किती वेळा छापावयाचे व आगाऊ रक्कम किती, हे कुंचला उचलण्यापूर्वीच लिहून उभयतांच्या सह्या घ्याव्यात.

पालकांनीही “चित्रांनी पोट भरते काय?” याऐवजी “करार केलास काय?” असे विचारावे, एवढीच आमची विनंती.