आयरिश कथाकार फ्रँक ओ'कॉनर

आयर्लंड हा देश लहान, पण त्याचा साहित्यसंसार मोठा. शॉ, येट्स, जॉइस हीं नांवें आपल्याकडील सुशिक्षित घरांत परिचयाचीं आहेत. आज ज्या लेखकासंबंधीं मी बोलणार आहें, त्याचें नांव तितकें गाजलेलें नाहीं. त्यानें महाकाव्य रचलें नाहीं, कीं रंगभूमीवर क्रांति घडविली नाहीं. त्यानें मुख्यतः लघुकथा लिहिल्या. पण स्वातंत्र्यासाठीं झगडलेल्या राष्ट्रानें स्वतःकडे कसें पाहावें, हें त्याच्या कथांइतकें प्रामाणिकपणें फार थोड्यांनीं सांगितलें आहे. या लेखकाचें नांव फ्रँक ओ'कॉनर.

त्याचें खरें नांव मायकेल ओ'डोनोव्हन. त्याचा जन्म १७ सप्टेंबर १९०३ रोजीं कॉर्क शहरांत झाला. बाप ब्रिटिश सैन्यांतून निवृत्त झालेला शिपाई. मजुरी करी, गांवच्या बँडमध्यें मोठा ढोल वाजवी, आणि दारूची लहर आली कीं घरांतील चीजवस्तु गहाण टाकी. आई मिनी ओ'कॉनर अनाथालयांत वाढलेली. परक्यांच्या घरीं राबून तिनें या एकुलत्या एका मुलाला वाढविलें. मुलानें पुढें लेखनासाठीं स्वतःचें मधलें नांव व आईचें माहेरचें आडनांव घेतलें. त्याला व्यावहारिक कारणहि होतें. तो सरकारी ग्रंथालयांत नोकरीला होता, आणि लेनॉक्स रॉबिन्सन या लेखकाला एका कथेपायीं ग्रंथालयसमितीवरील जागा गमवावी लागल्याचें त्यानें पाहिलें होतें. तरी त्या अडचणींतून निवडलेलें नांव आईचें असावें, यांत त्याच्या मनाची ओढ स्पष्ट दिसते.

शाळा लवकरच सुटली. मात्र डॅनिअल कॉर्करी या लेखक-शिक्षकानें त्याला आयरिश भाषेची गोडी लावली होती. पुढचें सारें शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयांत झालें. टर्जिनिव्ह आणि चेकॉव्ह हे त्याचे खरे गुरु.

इतक्यांत देशांत वणवा पेटला. इंग्रजांविरुद्धचें युद्ध १९२१ सालीं थांबलें, तह झाला, आणि त्या तहावरून १९२२ सालीं आयरिश लोक एकमेकांवरच बंदुका रोखून उभे राहिले. ओ'कॉनर तहाच्या विरोधकांत होता. १९२३ सालीं तो पकडला गेला. कॉर्कच्या तुरुंगांत त्यानें मारहाणीनें विद्रूप झालेला एक कोवळा मुलगा पाहिला. थोड्याच दिवसांत त्या मुलाला गोळ्या घालण्यांत आल्या. पुढें गॉर्मन्स्टनच्या छावणींत असतांना कैद्यांनीं उपोषण पुकारलें, तेव्हां ओ'कॉनर त्यांत सामील झाला नाहीं. वीस वर्षांच्या तरुणानें आपल्याच पक्षाला, कोंडलेल्या जागेंत, नकार देणें ही सोपी गोष्ट नव्हे. ध्येयासाठीं मरण्याची भाषा त्यानें पुष्कळ ऐकली होती; त्या भाषेखालीं जिवंत माणूस दडपला जातो, हें त्याला उमगलें.

या उमजेचें फळ म्हणजे 'गेस्ट्स ऑफ द नेशन', अर्थात् 'राष्ट्राचे पाहुणे' ही कथा. याच नांवाचा त्याचा पहिला संग्रह १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. दोन इंग्रज शिपाई आयरिश स्वयंसेवकांच्या ताब्यांत, एका म्हातारीच्या खेड्यांतल्या घरीं ठेवलेले आहेत. दिवस जातात तसे कैदी आणि पहारेकरी एकत्र पत्ते खेळूं लागतात. एक शिपाई अखंड बडबड्या, धर्मावर रात्र रात्र वाद घालणारा. दुसरा अबोल, म्हातारीला लाकूडफांटा आणून देणारा. मग एके दिवशीं बातमी येते कीं इंग्रजांनीं आयरिश कैद्यांना ठार मारलें आहे. म्हणून आतां बदला. दोघांना दलदलीकडे नेण्यांत येतें. बडबड्याला ही थट्टाच वाटते. अबोल शिपाई स्वतःच डोळ्यांवर रुमाल बांधूं लागतो. तो अपुरा पडतो, म्हणून मारणाऱ्याचा मागून घेतो. आणि जन्मभर न बोललेला तो माणूस त्या क्षणीं आपल्या मोडलेल्या संसाराविषयीं बोलूं लागतो.

या कथेंत कोणी खलपुरुष नाहीं, आणि तिचें सारें सामर्थ्य त्यांतच आहे. हुकूम देणाऱ्याला कर्तव्य दिसतें, पाळणाऱ्यालाहि कर्तव्यच दिसतें; फक्त ज्याच्याशीं काल पत्ते खेळलों तो माणूस कर्तव्यांत बसत नाहीं. लेखक शत्रुपक्षाचा असता तर या कथेला प्रचार म्हणून बाजूस सारतां आलें असतें. पण ती लिहिली ज्यानें स्वतः बंदूक उचलली होती त्यानें.

असा लेखक स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला पचला का? सुरुवातीस मान मिळाला. १९३५ सालीं तो ॲबी नाट्यगृहाच्या संचालकमंडळावर आला. येट्सनें त्याची तुलना चेकॉव्हशीं केली. पण येट्सच्या निधनानंतर, १९३९ सालींच, तो तेथून बाहेर पडला. १९२९ च्या कायद्यान्वयें पुस्तकांवर बंदी घालणारें मंडळ देशांत नेमलेलें होतें. ओ'कॉनरची 'डच इंटीरियर' ही कादंबरी आणि 'द कॉमन कॉर्ड' हा कथासंग्रह या बंदींत सांपडले. त्याहून विलक्षण गोष्ट एका अनुवादाची. अठराव्या शतकांतील ब्रायन मेरिमन या कवीच्या आयरिश काव्याचें त्यानें केलेलें इंग्रजी रूपांतर १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यावर बंदी आली, परंतु मूळ आयरिश काव्य मात्र खुशाल विकलें जात होतें! ज्या भाषेचा जयघोष चालला होता ती फारसें कोणी वाचीत नाहीं, याची ही सरकारी कबुलीच म्हणावयाची.

१९५१ नंतर अमेरिकेंतील विद्यापीठांत शिकवून त्यानें चरितार्थ चालविला. पण त्याच्या कथांत कडवटपणा शिरला नाहीं. उलट त्यांतील विनोद अधिक मायाळू झाला. 'द ड्रंकर्ड' या कथेंत अंत्ययात्रेनंतर बाप गुत्त्यांत शिरतो, पण त्याच्यासाठीं भरून ठेवलेला प्याला लहान मुलगाच पिऊन टाकतो. झिंगलेल्या पोराला घरीं नेतां नेतां बापाचें पिणें राहून जातें, आणि आई मुलालाच देवदूत ठरविते. ज्या दारूनें घर जाळलें तिच्यावर हंसूं येईल अशी कथा लिहिण्यास केवढी क्षमावृत्ति लागत असेल!

आतां आपल्या या माध्यमाशीं संबंधित एक गोष्ट. ओ'कॉनर आयर्लंडच्या व इंग्लंडच्या नभोवाणीवर पुष्कळ वेळां बोलला. छापखाना आल्यापासून गोष्टींतला सांगणाऱ्याचा आवाज हरपला, अशी त्याची तक्रार होती. तो आवाज कागदावर परत आणण्यासाठीं तो एकच कथा पुन्हां पुन्हां लिही, छापून झाल्यावरहि बदली. १९६३ सालच्या 'द लोन्ली व्हॉइस' या ग्रंथांत त्यानें आपला सिद्धांत मांडला. कादंबरीला समाज लागतो. लघुकथा मात्र समाजाच्या कडेला पडलेल्यांची असते. कारकून, भटके, एकाकी जीव यांचा तो आवाज. धुणीभांडीं करणाऱ्या आईच्या मुलाला हें ग्रंथांतून शिकावें लागलें नव्हतें.

१० मार्च १९६६ रोजीं डब्लिन येथें त्याचा अंत झाला. ज्यांना त्याची ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनीं प्रथम 'राष्ट्राचे पाहुणे' वाचावी, आणि शक्य तर घरांतल्या कोणाला मोठ्यानें वाचून दाखवावी. त्या अबोल शिपायाचे शेवटचे बोल डोळ्यांनीं वाचण्यापेक्षां कानांनीं ऐकण्यासारखे आहेत. राष्ट्राच्या विजयगाथेंत असल्या आवाजाला जागा नसते. ती जागा ओ'कॉनरनें करून दिली, हेंच त्याचें देशकार्य.