मानेतली गाठ



पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीबाईंना ठाऊक असते. त्याचे त्यांना भय वाटत नाही. पण तरुण मुलाच्या मानेत गाठी आल्या आणि ताप आठवडाभर हटला नाही, की घरात दबक्या आवाजात एकच शब्द निघतो : कर्करोग. लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा. आम्हांला आज सांगावयाचे आहे ते हे, की याचे हुबेहूब सोंग एक विषाणूही आणतो.

त्याचे नाव एपस्टाइन-बार. मौज अशी, की तो प्रथम सापडला कर्करोगातच. युगांडातील मुलांच्या जबड्यांवरील अर्बुदांचे वर्णन बर्किट या शल्यवैद्याने १९५८ साली केले. त्या अर्बुदांच्या पेशींत १९६४ साली एपस्टाइन, अचाँग व बार यांना हा विषाणू दिसला. तरुणांना होणारा ग्रंथिज्वर ही त्याचीच करणी, हे १९६८ साली हेन्ले दांपत्याने दाखविले. हा ज्वर लाळेतून पसरतो. घसा सुजतो, गाठी येतात, प्लीहा वाढते आणि बहुधा काही आठवड्यांत सारे आपोआप निवळते.

मग फसगत होते कोठे? विषाणू ज्या पेशींत शिरतो, त्यांचा नाश करण्यासाठी शरीर दुसऱ्या पेशींची फौज उभी करते. गाठ म्हणजे रणांगणच. तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर हॉजकिनच्या रोगाची खूण मानल्या जाणाऱ्या रीड-स्टर्नबर्ग पेशींसारख्या पेशीही कधी कधी दिसतात. अशा वेळी रोग्याचे वय, तापाचे दिवस, घशाची स्थिती ही हकीकत तुकड्याबरोबर गेली नाही, तर जाणता तपासनीसही चकू शकतो. म्हणून आम्ही म्हणतो, आधी रक्त तपासा. आणि तुकडा पाठवावाच लागला, तर हकीकतीसह पाठवा.

पण साप साप म्हणून भुई धोपटू नये, तसेच दोरी म्हणून सापावर पायही देऊ नये. आपल्याकडे अशा गाठीत क्षयही दडलेला असतो. महिना उलटूनही जी गाठ ओसरत नाही, जी कठीण लागते वा गळपट्टीच्या हाडावर येते, जिच्यासोबत वजन घटते, रात्री घामाने अंथरूण भिजते, तिचा तुकडा तपासलाच पाहिजे. निदानापूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. त्यांनी लिम्फोमाची गाठही तात्पुरती विरते. घरचे निर्धास्त होतात आणि तुकड्यातली खूण पुसट होऊन बसते.

गाठ दिसली म्हणून रडू नका आणि विरली म्हणून विसरू नका. निदान होईपर्यंत धीर धरणे, हाही उपचाराचाच भाग आहे.